सहाव्या मजल्यावरचे सात काळे

"खेळ वाईट आहे हे मान्य, पण तो किती वाईट आहे हे माझ्याइतकं जगात कुणालाही ठाऊक नाही," असं कवळीकर एकदा जेवणाच्या सुट्टीत म्हणाला होता. लॅबच्या मालकांनी हातातला घास तसाच धरून विचारलं, "याला अभिमान म्हणायचं की आजार?" सगळे हसले. कवळीकरही हसला, पण तो थट्टेनं बोललेला नव्हता.

कवळीकर हे काही त्याचं आडनाव नव्हे. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या करून देणाऱ्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या लॅबमध्ये तो अठ्ठावीस वर्षं होता, आणि मालकांनी पहिल्याच वर्षी त्याचं बारसं करून टाकलं होतं. डॉक्टरांकडून डब्यांत घालून तोंडांची मापं यायची. तो त्यांत प्लास्टर ओतायचा, साचा सुटला की मेणाच्या हिरड्या चढवायचा आणि त्यांत एकेक दात रोवायचा. शेवटी यंत्राच्या फिरत्या ब्रशावर घासून कवळी चकचकीत करायची. हजारो माणसांचं हसू त्याच्या हातांतून गेलं होतं, आणि त्यांतलं एकही तोंड त्यानं कधी पाहिलं नव्हतं. पेशंट आभार मानायचे ते डॉक्टरांचे. कवळी टोचली तर मात्र बोलणी लॅबला.

त्याला माणूस म्हणून ओळखणारी जागा दुसरीच होती. ती इंटरनेटवर होती.

बावीस वर्षांपूर्वी, बाजारात भावच न आलेल्या तबकड्यांच्या ढिगातून त्यानं 'नववा चंद्र' नावाचा संगणकावरचा गोळ्या झाडायचा खेळ उचलला. एका ओसाड चंद्रावर खाण, खाणीखाली अकरा मजले, मजल्यांवर बिथरलेली यंत्रं, आणि त्यांच्यात एकटा पहारेकरी. तो पहारेकरी म्हणजे आपण. खेळ आला तेव्हाच पडला होता. बंदूक भरायला चार सेकंद लागत. पाचव्या मजल्यावरून सहाव्यावर नेणारी लिफ्ट तब्बल चाळीस सेकंद चाले, आणि तेवढा वेळ समोर निळसर राखाडी भिंतीशिवाय काही नसे. सहावा मजला तर नुसता अंधार. त्यात माणूस तीस पावलांत मरायचा.

या खेळाचं एक पान होतं. जगभरातले चाळीसेक लोक आपापल्या भाषेत तिथे मतं लिहायचे आणि पान त्यांचं ओबडधोबड भाषांतर करून द्यायचं. 'बंदूक भरेपर्यंत माझं जेवण उरकलं.' 'दहापैकी दोन गुण, एक संगीताला आणि एक मी शेवटपर्यंत टिकलो म्हणून.' 'हा खेळ मेव्हण्याला भेट दिला, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.' 'सहावा मजला म्हणजे बनवणाऱ्याचा आळस, चित्रं काढायचा कंटाळा आला असेल.'

कवळीकर तिथे 'पहारेकरी' या नावानं लिहायचा. त्याची एकसष्ट मतं होती. कोणत्या मजल्यावर कोणतं यंत्र कोणत्या कोपऱ्यात उभं आहे, कोणती भिंत पोकळ आहे, कुठल्या पायरीवर पाय अडकतो, हे त्यानं लिहून ठेवलं होतं. नाव नसलेल्या जागांना त्यानं नावं दिली होती, आणि तीच पानावर रूढ झाली होती. नवा माणूस आला की जुने त्याला सांगत, आधी पहारेकऱ्याला वाच. त्याचा एक सल्ला तर चौदा वर्षं पानाच्या अगदी माथ्यावर होता: 'सुरू करण्यापूर्वी पडद्याचा उजेड शेवटपर्यंत वाढवा. लिफ्टमधलं छुपं बटण दाबा, म्हणजे ते चाळीस सेकंद वाचतात. मग सहावा मजला सोसवतो.' हे लिफ्टचं बटण त्यानंच शोधलं होतं. लॅबमध्ये एखाद्या दिवशी चार कवळ्या परत आल्या, की घरी जाऊन तो माथ्यावरच्या त्या ओळी एकदा वाचून घ्यायचा. बरं वाटायचं.

रंगवाली लॅबमध्ये आली त्याला आता तीन वर्षं झाली होती. तिचं टेबल उत्तरेच्या खिडकीशी. सिरॅमिकच्या दाताला खऱ्या शेजाऱ्याशी जुळणारा रंग द्यायचा हे तिचं काम. रंगाचे नमुने लावलेली दातांची पट्टी हातात धरून ती नमुन्याकडे फक्त पाच सेकंद बघायची, मग नजर उचलून भिंतीवर चिकटवलेल्या निळसर राखाडी कागदाकडे बघत बसायची. नंतर पुन्हा पाच सेकंद. सुरुवातीला मालक म्हणाले होते, "ताई, त्या कागदावर सिनेमा लागलाय का?" ती म्हणाली, "डोळे धुतेय, मालक. एकाच रंगाकडे बघत राहिलं की डोळा खोटं बोलायला लागतो." तिच्या हातचा दात परत आला असं कधी झालं नाही, तेव्हापासून मालकही तो कागद हलवू देत नसत.

ती कवळीकरला दादा म्हणायची. त्याच्या खेळाची टिंगल न करणारी लॅबमध्ये ती एकटीच. म्हणून, आणि थोडी छाती फुगली म्हणूनही, त्यानं एक दिवस तिला खेळाची प्रत दिली. "तुझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल. पण तिसऱ्या मजल्यापुढे जाशील असं वाटत नाही. बायकांचं काम नाही म्हणून नव्हे हं, पुरुषही जात नाहीत." सल्ला वाचून घे असंही त्यानं सांगितलं. ती 'हो' म्हणाली आणि विसरली.

नवव्या दिवशी डबा उघडता उघडता ती म्हणाली, "दादा, संपला तो."

"काय संपलं?"

"खेळ तुमचा. छान आहे की! सहावा मजला तर काय सुंदर केलाय."

कवळीकरला वाटलं ही चेष्टा करतेय. पण ती चेष्टा करताना डावी भुवई उडवायची, आणि भुवई जागच्या जागी होती.

"मला ते लिहायचंय," ती म्हणाली. "तुम्ही लिहिता ना, तिथेच."

त्यानंच लॅबच्या संगणकावर तिचं खातं उघडून दिलं. नाव विचारलं तर म्हणाली 'खिडकी' ठेवा. पासवर्ड विचारला तर म्हणाली, "काहीही ठेवा हो, माझ्या काही लक्षात राहायचा नाही." त्यानं ठेवला, आणि तो त्याच्या लक्षात राहिला. मग उभ्या उभ्या तिनं पाचसहा ओळी लिहिल्या आणि भट्टीतला दात जळेल म्हणून पळाली.

'लिफ्टमध्ये भिंतीकडे बघत राहा. ती भिंत डोळे धुण्यासाठी आहे. मी रोज कामावर अशीच भिंत बघते. मग सहावा मजला काळा राहत नाही. त्यात सात वेगवेगळे काळे आहेत. यंत्रं नेहमी सगळ्यांत उबदार काळ्यात उभी असतात, ती आधीच दिसतात. पडद्याचा उजेड मात्र वाढवू नका, वाढवला तर सातही काळ्यांची एकच राख होते.'

तिसऱ्या दिवशी पान पेटलं. कधी महिन्याला दोन मतं यायची तिथे दिवसात एकतीस आली. 'दिसले! चार दिसले!' 'मला सहा. मी रडलो, बायको विचारतेय काय झालं.' 'बनवणाऱ्याला आळशी म्हणालो होतो, शब्द मागे घेतो.' आणि मग, येणार होतं ते आलंच: 'पहारेकरी, चौदा वर्षं आम्हाला दिवा लावून अंधार बघायला सांगत होतास की रे!' पान चालवणाऱ्यानं माथ्यावरचा सल्ला काढला. त्या जागी खिडकीच्या ओळी चढल्या. कवळीकरला साधं कळवलंही नाही.

कुठे दुखलं हे त्याला नीट सांगता आलं नसतं. तोंडात सतत कवळ्या घासताना उडणारी अॅक्रिलिकची भुकटी असावी तशी चव राहिली. ती खिडकीशी बसून गुणगुणली तरी ऐकवेना. पाच सेकंद बघून ती मान वर करी, तेव्हा वाटे की उठावं आणि तो कागद टरकावून टाकावा. त्यात वाईट हे की तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. लिहून झालं, संपलं, असं तिचं होतं. एकदा सहज म्हणाली, "दादा, वाचलं का कुणी माझं? मला त्या पानावरचं काही कळत नाही, तुम्हीच सांगा."

"वाचलं असेल कुणी," कवळीकर म्हणाला. "काही खास नाही."

इतकं सोपं खोटं तो आयुष्यात बोलला नव्हता.

घरी बायकोनं दोन दिवस त्याचं तोंड बघितलं आणि तिसऱ्या दिवशी सगळं काढून घेतलं. ऐकून ती पदर तोंडाला लावून हसली. "अहो, बावीस वर्षं मी ही सवत घरात पोसली. रविवार तिचा, सुट्टी तिची, माझ्या माहेरचं लग्न तिच्यापायी चुकलं. आता तिनं दुसऱ्याकडे एकदा हसून बघितलं तर तुमच्या अंगाची लाही लाही?"

"तसं नाही ते."

"तसंच आहे. मला विचारा, मला अनुभव आहे."

रविवारी दुपारी त्यानं खिडकीचे पडदे ओढले, संगणकाच्या जुन्या जाड पडद्याचा उजेड बावीस वर्षांत पहिल्यांदा खाली आणला आणि लिफ्टमध्ये बटण न दाबता बसला. चाळीस सेकंद फार मोठे निघाले. भिंतीकडे बघताना त्याच्या मनात सारखं येत होतं की ही भिंत मी हजार वेळा टाळली. दार उघडलं. आत काळं होतं. त्यानं डोळे ताणले, मिचकावले, अर्धे मिटले. एक काळा थोडा निळ्याकडे झुकल्यासारखा वाटला, एक जरा तपकिरी. तिसरा आहे की नाही याची खात्री होईतो यंत्रानं त्याला मारलं. संध्याकाळपर्यंत तो चौदा वेळा मेला. वय एक्कावन्न, आणि अठ्ठावीस वर्षं फिरत्या ब्रशासमोर धूळ झेललेले डोळे. कसेबसे पाच मोजले, त्यांतला पाचवा मोजायचा होता म्हणून.

त्याच आठवड्यात पानावर एक नवं नाव दिसलं. खाली एकच ओळ होती: 'खिडकी, हा खेळ मी बनवला. तुम्हाला खाजगीत पत्र पाठवलं आहे.'

बावीस वर्षांत तो माणूस एकदाही बोलला नव्हता. कवळीकरनं त्याला उद्देशून किमान दहा मतं लिहिली होती. प्रश्न विचारले होते, वकिली केली होती, एकदा तर वाढदिवसाच्या शुभेच्छाही दिल्या होत्या, त्याही अंदाजानं.

लॅबच्या संगणकाशी कुणी नव्हतं. पासवर्ड पाठ होता. त्यानं तिला आलेलं पत्र उघडलं.

पत्र साधं होतं. खेळ नव्यानं काढायचं ठरतंय, बनवणाऱ्यानं लिहिलं होतं. आताचे पडदे वेगळे, जुने काळे त्यांवर नीट उमटत नाहीत, सगळे नव्यानं जुळवावे लागतील. माझ्या डोळ्यांवर आता मोतीबिंदूचा पडदा आलाय, मला ते जमणार नाही. बावीस वर्षांत ते सात पाहणारं पहिलं माणूस तुम्ही. कोणता काळा कुठे दिसला एवढं लिहून कळवा. जुळलं, तर हे रंग जुळवायचं काम तुम्हीच करावं अशी माझी इच्छा आहे. शुक्रवारपर्यंत उत्तर आलं तर बरं.

खिडकीशी रंगवाली एका दातावर वाकली होती. तिच्यापर्यंत जायला पाच पावलंही लागली नसती. कवळीकर खुर्चीवरून उठला. आणि पुन्हा बसला.

नंतर तो स्वतःला सांगत असे की काम आपल्याला नकोच होतं. ते खरंही होतं. त्या माणसानं एकदा, एकदाच, आपल्याशी बोलावं एवढंच हवं होतं, मग भले ते दुसऱ्याच्या नावानं का असेना. तिच्या नावाखाली त्यानं दोन दिवस जेवणाच्या सुट्ट्या खाऊन उत्तर लिहिलं. सहाव्या मजल्याची एकेक पायरी, पंप, साखळ्या, तुटका पूल, सगळं ओळीनं. चार काळे नीट सांगितले, पाचव्याला थोडी कविता लावली. उरलेल्या दोघांचं 'ते तर शब्दांत सांगता येत नाहीत' असं करून टाकलं. गुरुवारी पाठवलं.

शुक्रवारी उत्तर आलं.

'तसदीबद्दल माफ करा. माझा गैरसमज झाला. पहिलं मत लिहिताना तुम्हाला दिसत होतं, हे पत्र वाचून तसं वाटत नाही. हे पानावरच्या त्या पहारेकऱ्यानं लिहिल्यासारखं आहे. त्याची सगळी मतं मी वाचली आहेत, त्याला खेळातलं सगळं माहीत असतं. मी दुसरं कुणी बघतो.'

कवळीकरनं ते पुन्हा वाचलं. सगळी मतं मी वाचली आहेत. एकसष्टच्या एकसष्ट. ज्या वाक्याची त्यानं बावीस वर्षं वाट पाहिली ते आलं होतं, आणि ते कसं आलं होतं! त्यानं पुन्हा एकदा वाचलं. त्या दिवशी ब्रशावर धरलेली कवळी हातून निसटली आणि भिंतीवर आपटून तिचे दोन तुकडे झाले. मालक म्हणाले, "कवळीकर, आजवर तुम्ही लोकांचे दात बसवलेत, पाडलेले आज पहिल्यांदा बघतोय."

सोमवारी दुपारी मालक डॉक्टरांकडे गेले होते. रंगवाली डबा धुऊन आली आणि हात पुसत म्हणाली, "दादा, बरं नाही का तुम्हाला? दहा दिवस बघतेय, माझ्याशी धड बोलत नाही. माझं काही चुकलं का?"

चुकलं असतं तर किती बरं झालं असतं, असं त्याच्या मनात आलं. त्यानं संगणकावर तिचं खातं उघडलं आणि खुर्ची तिच्याकडे सरकवली.

ती वाचत गेली. पानावरची एकतीस मतं. मग पहिलं पत्र. मग तिच्या नावाचं, तिनं न लिहिलेलं उत्तर. मग शेवटचं. वाचायला तिला बराच वेळ लागला, कारण पहिलं पत्र तिनं दोनदा वाचलं.

"हे मी नाही लिहिलं," ती म्हणाली.

"नाही."

"म्हणजे तुम्ही."

"हो."

"मी विचारलं होतं तुम्हाला. कुणी वाचलं का म्हणून. काही खास नाही म्हणालात."

कवळीकर चष्मा काढून अॅप्रनला पुसू लागला.

"तीन वर्षं झाली मला इथे, दादा. त्याआधी सहा दुसरीकडे. दात जुळला की लोक म्हणतात डॉक्टरांचा हात चांगला. तुला काय दिसलं असं मला कुणी, कधी..." तिनं डोळ्यांशी हात नेला आणि अर्ध्यावरून मागे घेतला. चोळलेले डोळे दोन तास कामाचे राहत नाहीत, हे तिनंच सगळ्यांना शिकवलं होतं. "तुम्हाला तरी कळायला हवं होतं. तुम्हाला तर सगळ्यांत आधी."

"कळलं होतं," कवळीकर म्हणाला. "म्हणून तर."

ती खुर्चीवरून उठली. मग एकदम व्यवहारी आवाजात म्हणाली, "अजून दुसरं कुणी बघितलं नसेल त्यांनी. तीनच दिवस झालेत. मी लिहिते. पण आधीचं पत्र कुणाचं, हे मी नाही सांगणार. ते तुम्ही सांगायचं. तुमच्या नावानं, आणि पानावर, सगळ्यांसमोर."

"पानावर कशाला? त्यांना खाजगीत सांगतो ना मी."

"माझं नाव पानावर आहे, दादा."

कवळीकर बसला. त्यानं आपलं खातं उघडलं. बासष्टावं मत लिहायला त्याला पाव तास लागला, आणि झालं ते दोन ओळींचंच. 'बनवणाऱ्याला खिडकीच्या नावानं गेलेलं पत्र मी लिहिलं होतं, तिच्या नकळत. तिला सात दिसतात, मला पाचही दिसत नाहीत.' खाली 'पहारेकरी'. त्यानं बटण दाबलं. ओळी पानावर चढल्या. चाळीस माणसं आता त्या वाचणार होती, आणि एक्केचाळिसावा तो बनवणाराही.

तो उठला, ती बसली. आता मन हलकं व्हावं अशी त्याची समजूत होती. तसं काही झालं नाही. तो तिच्या मागे उभा राहून वाचू लागला. ती भराभर लिहीत होती, मध्येच थांबून समोरच्या निळसर कागदाकडे बघत होती, जणू तो मजला तिथेच होता. पहिला काळा. दुसरा. तिसरा. एकेक जुळत होता, हे चारच दिसणाऱ्यालाही कळत होतं. आणि तशातही कवळीकरच्या आत कुणीतरी हात जोडून म्हणत होतं की हिचा एक तरी चुकू दे. चौथ्याला तरी चुकू दे. कबुली दिलेल्या माणसाच्या मनात असं येऊ नये हे त्याला समजत होतं, आणि येत होतं.

चौथ्याला ती अडली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

"दादा," ती पडद्यावरची नजर न काढता म्हणाली, आणि आवाजात मघाचा राग उरला नव्हता, तिला खरोखरच मदत हवी होती. "पंप ओलांडला की डावीकडे ती बुटकी जागा आहे ना, जिथे वाकून जावं लागतं? तिथला काळा मला पक्का दिसतो, पण ती जागा त्यांना सांगू कशी? काहीतरी नाव आहे तिचं. मतांमध्ये वाचलं आत्ता. काय म्हणता तुम्ही त्या जागेला?"

नाव होतं. सतरा वर्षांपूर्वी कवळीकरनंच ते ठेवलं होतं, आणि जगात चाळीस माणसं त्या जागेला त्याच नावानं ओळखत. ते त्याच्या जिभेवर आलं, दातांपर्यंत आलं.

"दादा?"

त्यानं अॅप्रनची गाठ सोडली, तो खुंटीला अडकवला, खिशातली चष्म्याची डबी चाचपली आणि ते नाव तोंडातच ठेवून दार उघडून बाहेर पडला.